एका तारेवर सारे घर

श्रावणातली गोष्ट. सकाळी कॉलेजला निघायचे म्हणून मोटारीची किल्ली फिरवली, तो समोरच्या पट्टीवरचे झाडून सारे दिवे पेटले. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, सगळेच आजारी! गॅरेजवाल्याला घरी बोलावले. त्याने बॉनेट उघडले, डोकावला आणि म्हणाला, "सर, घाबरू नका. उंदराचे काम दिसतेय."

पूर्वी मोटारीत ज्याला ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडे स्वतंत्र तार जाई. यंत्रे वाढली, तसा तारांचा गुंता वाढला. जर्मनीतल्या बॉश कंपनीने यावर तोड काढली आणि १९८६ साली अमेरिकेत डेट्रॉइटला मोटार-इंजिनिअरांच्या परिषदेत ती मांडली. 'कॅन' हे तिचे नाव. पीळ घातलेल्या दोन तारांची एकच दोरी मोटारभर फिरते. चाकाचा वेग, इंजिनाची उष्णता यांची खबर राखणारे छोटे संगणक तिलाच जोडलेले. कोणी कोणाला नावाने हाक मारीत नाही. 'चाकाचा वेग इतका' एवढे तारेवर टाकायचे. ज्याला हवे त्याने उचलावे.

पण सारे एकदम बोलू लागले तर? (आमच्या विभागाच्या सभेत हा प्रश्न अजून सुटलेला नाही.) इथे प्रत्येक निरोपाच्या आरंभी क्रमांक असतो, 'शून्य' आणि 'एक' या दोनच अंकांत लिहिलेला. तारेवर 'शून्य' आले, की 'एक' झाकला जातो. बोलणारा बोलता बोलता तारही ऐकत असतो. आपण 'एक' म्हटले आणि ऐकू आले 'शून्य', तर अधिक निकडीचे कोणी बोलते आहे असे समजून त्याने तत्क्षणी गप्प व्हायचे, आणि तो निरोप संपला की पुन्हा प्रयत्न करायचा. म्हणून निकडीच्या निरोपाला लहान क्रमांक देतात, थांबू शकेल त्याला मोठा. गंमत अशी, की जिंकणाऱ्याला आपला शब्द पुन्हा उच्चारावा लागत नाही. आणि बोलताना वारंवार चुकणारा स्वतःच तारेवरून बाजूला होतो! हा विनय मी माणसांत फारसा पाहिलेला नाही.

मात्र दोरी एकच, म्हणून ती तुटली की साऱ्यांचीच वाचा बसते. खबर येईनाशी झाली, म्हणून ते दिवे. पायाखालचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, तो या तारेसाठी अडत नाही, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

गॅरेजवाल्याने गाडी बंद करून मीटर लावला. दोरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. तार सलग असेल तर मीटर ६० दाखवतो. आमच्या मीटरवर १२०! मग इंचाइंचाने शोध. बॅटरीखाली कुरतडलेली जागा सापडली, त्याने ती जोडली, पूर्वीसारखा पीळ दिला, वर पट्टी गुंडाळली. काटा साठावर आला.

उंदीर अजून सापडलेला नाही.