आधी परवाना दाखवा

म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या छावण्यांत डांबलेल्या साठहून अधिक भारतीयांची सुटका केल्याचे महाराष्ट्र सायबर विभागाने जाहीर केले, पाच जणांना अटक झाली आणि लगेच नेहमीचा सूर लागला : ही मुले गेलीच कशाला? शिकलेली होती, दिवसभर मोबाइल हाताळणारी होती, तरी यांना कळू नये? फसलेल्यालाच दोष देण्याची ही सवय संतापजनक आहे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी ५४९ जणांना तिथून परत आणले. त्याआधी फेब्रुवारीत अमेरिकेने लष्करी विमानाने अमृतसरला आणून उतरवलेल्या १०४ जणांतही तिघे महाराष्ट्राचे होते. देश वेगळे, मार्ग वेगळे, पण यातल्या बहुतेक कहाण्या कुठल्या तरी एजंटापासून सुरू होतात. पोरांच्या हव्यासावर प्रवचने झोडण्यापेक्षा त्या एजंटाचा परवाना कोणी, कधी तपासला, हे विचारायला हवे. गोंदिया जिल्ह्यासाठी हा दूरचा विषय नाही. धानाच्या पिकावर वर्ष काढणाऱ्या आणि नागपूर-हैदराबादकडे मजुरीला माणसे पाठवणाऱ्या या जिल्ह्यात ‘बाहेर नोकरी लावून देतो’ म्हणणाऱ्याला दार चटकन उघडते.

परदेशातल्या नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो नसताना भरती करणे हा गुन्हा आहे. परवाना मिळवताना मोठ्या एजंटाला ५० लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते. उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येते आणि त्याची पावती द्यावी लागते. परवाना क्रमांक कार्यालयात आणि प्रत्येक जाहिरातीत ठळक दिसला पाहिजे, मग ती वर्तमानपत्रातली असो की समाजमाध्यमांवरची, असे परराष्ट्र मंत्रालयाने बजावले आहे. बेकायदा एजंट माणशी दोन ते पाच लाख रुपये उकळतात, हेही याच मंत्रालयाचे म्हणणे. इथल्या शेतकऱ्याला २०२४-२५ च्या खरिपासाठी धानाचा बोनस हेक्टरी २० हजार रुपये मंजूर झाला, तोही दोन हेक्टरांपर्यंतच, म्हणजे फार तर ४० हजार. त्या घरातून एजंटाच्या हाती दोन-तीन लाख जातात तेव्हा जमीन गहाण पडलेली असते किंवा बचत गटापासून सावकारापर्यंत सगळीकडे उधारी झालेली असते. हे सगळे टाळण्यासाठी लागणारी तपासणी फुकट आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे आणि परवाना नसलेल्यांचीही आहे. ऑक्टोबर २०२३ अखेर त्या दुसऱ्या यादीत २,९२५ नावे होती. संकेतस्थळ जमत नसेल तर १८०० ११ ३०९० हा सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे. परवाना क्रमांक तपासल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही आणि पासपोर्टही हातातून सोडायचा नाही.

परवानाधारक एजंट मुंबई-दिल्लीत बसतात, देवरी-सालेकशाच्या मुलाने त्यांना गाठायचे कसे, असे यावर विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. मुंबई इथून हजारेक किलोमीटर दूर आहे, आणि नेमक्या याच अंतरावर ‘मुंबईच्या मोठ्या ऑफिसचा माणूस’ आपला धंदा करतो. पण एकाच्या परवान्यावर दुसऱ्याला भरती करता येत नाही. परवानाधारकाला शाखा काढायची तरी वेगळी परवानगी लागते आणि सब-एजंट नावाचा प्राणी कायद्याला मान्यच नाही. त्यामुळे ओळखीचा, नात्यातला, गावातला, कोणीही आला तरी परवाना त्याच्या स्वतःच्या नावावर आहे का, हे पाहावेच लागेल. परवानाधारकही फसवतात, असा दुसरा आक्षेप असतो. फसवतात, हे खरे. मात्र त्यांची हमी सरकारजमा होऊ शकते, परवाना निलंबित होतो, तक्रारीला पत्ता असतो. बिनपरवाना माणूस सिमकार्ड बदलतो आणि नाहीसा होतो.

आता त्या ‘शिकलेल्यां’विषयी. दहावी न झालेला माणूस आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीला निघाला, तर त्याला ‘उत्प्रवासन संरक्षक’ या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. कागद तपासले जातात, करार पाहिला जातो. दहावी झालेल्याला ही चाळणीच नाही. थायलंडने तर २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश खुला केला. संगणक येणारा पदवीधर पर्यटक म्हणून बँकॉकला उतरतो आणि तिथून सीमेपलीकडे नेला जातो. कायद्याने अल्पशिक्षितांसाठी कुंपण घातले आणि टोळ्यांनी पदवीधर उचलले. अशा स्थितीत त्या मुलांना अक्कल शिकवणाऱ्यांनी आधी ही फट बुजवण्याची मागणी करावी. पर्यटक म्हणून जा, नोकरीचा व्हिसा तिथे गेल्यावर करून देतो, असे एजंट म्हणाला की तिथेच थांबायचे, एवढे तरी महाविद्यालयांत कोणी सांगितले आहे का?

घराने सावध राहावे, हे ठीक. पण सरकारी यंत्रणा तक्रारीची वाट पाहत बसते, हे चालणार नाही. बिनपरवाना भरतीला १९८३ च्या कायद्यात शिक्षा आहे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड फक्त दोन हजार रुपयांपर्यंत. लाखो उकळणाऱ्याला या दंडाची भीती वाटेल कशी? त्यात खटल्यासाठी केंद्राची पूर्वसंमती लागते. ती अट उमेदवाराने किंवा त्याचे आई-वडील, भावंडे, पती-पत्नी यांनी स्वतः तक्रार केली तर लागू होत नाही, पण हे किती घरांना ठाऊक आहे? २०२१ मध्ये नव्या कायद्याचा मसुदा आला आणि तसाच पडून राहिला. शिक्षणासाठी परदेशी पाठवणारे सल्लागार तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन हे देश आपापल्या स्थलांतर सल्लागारांची नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवतात. पंजाबने एजंटांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राने काय केले? २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार करून राज्याने तरुणांच्या आशा वाढवल्या. सरकारी वाट रेंगाळली की त्या आशांवर एजंटच पोसले जातात, याचा विचार मात्र झाला नाही.

जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना कारवाईसाठी नव्या कायद्याची गरज नाही. गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव, कुठल्याही बाजारात ‘परदेशात नोकरी’चा फलक दिसला आणि त्यावर परवाना क्रमांक नसला, की तक्रारीची वाट न पाहता चौकशी करून पूर्वसंमतीचा प्रस्ताव पाठवायचा. जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्रात परवाना तपासून देणारा एक माणूस बसवायचा. यादी पाहण्याची रीत आणि तो निःशुल्क क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायचा. वर्तमानपत्रांनीही परवाना क्रमांकाविना परदेशी नोकरीची एकही जाहिरात छापू नये, मग ती कितीही पैसे देणारी असो.  धान निघून घराघरांत पैसा येतो तेव्हा एजंटही येतात, म्हणून हे सारे त्याआधी झाले पाहिजे.