श्वास मोजा, मायबहिणींनो!

इंझोरीच्या एका आईने आम्हांस विचारले, छातीचा फोटो न काढताच डॉक्टरांनी लेकराचा न्यूमोनिया कसा ओळखला?

ताई, त्यांनी श्वास मोजला असेल, नळीने छातीतली करकर ऐकली असेल. लहानग्यांत बहुधा एवढे पुरते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्या दायांनाही हे शिकविले. तो प्रयोग १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. निरक्षर दायांसाठी त्यांनी मणी व वाळूचे घड्याळ जोडून साधन केले.

तुम्हीही मोजा. लेकरू शांत असताना, पूर्ण मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्याचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते, दूध सुटले, तर रात्रीच निघा. मजुरी बुडाली तर बुडो. पोटावर डाग मात्र देऊ नका.