एकच दुर्बीण घ्यावयाची तर

दुर्बीण घ्यावयाचें ठरलें म्हणजे बहुतेक घरांत पहिला प्रश्न एकच निघतो : “हिच्यांतून किती लांबचें दिसतें ?” दुकानदार याच प्रश्नाची वाट पाहत असतो, आणि खोक्यावर छापलेला मोठ्यांत मोठा आंकडा तो लगेच पुढें करतो. आमच्या मतें हा प्रश्नच चुकीचा आहे. चंद्र आपणांपासून सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर आहे, आणि तो नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. देवयानी तारकासमूहांतील दीर्घिका सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें दूर असूनही अंधाऱ्या रात्रीं धुरकट ठिपक्यासारखी ओळखूं येते. उलट समोरच्या आंब्यावर वीस हातांवर बसलेला शिंपी पक्षी डोळ्यांना सांपडत नाहीं. तेव्हां अंतर हें दुर्बिणीचें माप नव्हे. विचारावयाचें तें असें कीं, हिच्यांतून जें दिसेल तें किती स्थिर, किती उजळ आणि किती रेखीव दिसेल ?

हा नुसता शब्दांचा खेळ नाहीं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं दुर्बीण एकदांच घेतली जाईल, आणि तीही बरेच दिवस पैसे शिल्लक टाकून. ती वाईट निघाली तर मूल चार दिवस ती गळ्यांत घालून हिंडतें, पांचव्या दिवशीं डोकें दुखतें म्हणून ठेवून देतें, आणि घरांतील वडील मंडळी “याला आवडच नाहीं” असा निकाल देऊन मोकळी होतात. आवड असते, भिंगांनीं तिचा घात केलेला असतो.

दोन डोळ्यांच्या दुर्बिणीवर, म्हणजे जिला आपण बायनॉक्युलर म्हणतों तिच्यावर, ८×४२ किंवा १०×५० असे दोन आंकडे कोरलेले असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट मोठी दिसेल तें सांगतो; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. विद्यार्थ्यांनीं दुसऱ्यास पहिल्यानें भागून पाहावें. जो भागाकार येतो ती डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी होय. ८×४२ मध्यें ती सव्वापांच मिलिमीटर, १०×५० मध्यें पांच, आणि खिशांत मावणाऱ्या १०×२५ मध्यें अवघी अडीच. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हांत दोन-तीन मिलिमीटर असते, आणि काळोखांत, तरुणपणीं, सुमारें सात मिलिमीटरांपर्यंत उघडते. वय वाढतें तसतशी ती कमी उघडूं लागते. म्हणूनच खिशांतली दुर्बीण दुपारीं मोठीच्या बरोबरीनें चालते आणि दिवेलागण होतांच आंधळी होते.

आतां ज्या मोठ्या आंकड्याचा एवढा मोह पडतो त्याचा विचार करूं. दुर्बीण वस्तूस जितकी मोठी करते तितकाच हाताचा कंपही मोठा करते. आठ पटींपर्यंत बहुतेकांचा हात साथ देतो, दहा पटींस सवय लागते, आणि त्यापुढें तिवईवांचून चालत नाहीं. हातांत धरलेल्या वीस पटींच्या दुर्बिणींतून चंद्र पाहणें म्हणजे पळत्या गाडींतून वर्तमानपत्र वाचणें होय. शिवाय शक्ति वाढली कीं दिसणारा आकाशाचा किंवा रानाचा तुकडा लहान होतो. नुसत्या डोळ्यांनीं हेरलेल्या पक्ष्यावर मूल दुर्बीण रोखतें, आणि हातीं येतात केवळ पानें.

बाजारांत ३०×६० असें छापलेल्या, वीतभरही लांब नसलेल्या दुर्बिणी विकावयास असतात. पालकांनीं खिशांत एक फूटपट्टी ठेवावी. साठ मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर. पट्टी लावल्यावर पुढचें भिंग त्याच्या निम्मेंही भरलें नाहीं, तर उरलेला आंकडाही कितपत खरा असेल हें सांगावयास नको. तसेंच आरशासारखीं तांबडीं चकाकणारीं भिंगें टाळावींत. तीं तांबडा प्रकाश परत फेकतात, आणि आंत जें चित्र उरतें तें निळसर-हिरवट दिसतें. फिरकी फिरवून शक्ति कमीजास्त करतां येणारी दुर्बीण स्वस्तांत मिळत असेल तर ती स्वस्तांतच राहूं द्यावी.

पक्षी पाहणारास काय लागतें ? पहाटेच्या व सायंकाळच्या मंद उजेडांत पक्षी अधिक हिंडतात, म्हणजे उजेड हवा. ते क्षणांत उडतात, म्हणजे दिसणारा पट्टा रुंद हवा. सात अंश पट्टा असलेल्या दुर्बिणींतून एक हजार मीटर अंतरावर सुमारें १२२ मीटर रुंदीचा प्रदेश दिसतो. हें प्रमाण चांगलें समजावें. आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल घ्या. वडापिंपळाचीं फळें खात तो पानांत असा बेमालूम मिसळून बसतो कीं, झाडाखालून माणसें जातात आणि वर थवा आहे याची त्यांना वार्ताही नसते. आठ पटींची उजळ दुर्बीण लावा. प्रथम पिवळे पाय दिसतात, मग खांद्यावरचा फिकट जांभळा डाग, आणि एक दिसला कीं दहा दिसूं लागतात. येथें वीस पटींचा कांहीं उपयोग नाहीं. भिगवणच्या जलाशयावर दूर उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांसाठीं दहा पटी बऱ्या वाटतील हें आम्ही मान्य करतों. पण शाळकरी मुलाचे पक्षी बहुतेक परसांतले, ओढ्याकांठचे आणि तारेवरचे असतात. त्याला दोन-तीन मीटरांवरचें फुलपांखरूंही स्पष्ट दिसेल अशी दुर्बीण मिळाली तर तिचा उपयोग दुप्पट होतो.

ताऱ्यांसाठीं प्रकाशाची भूक याहून मोठी. तरी येथेंही शक्तीपेक्षां रुंदीच कामास येते. कृत्तिकांत डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात; आठ पटींच्या दुर्बिणींत तोच पुंज अनेक डझन ताऱ्यांनीं भरून जातो, आणि सबंध एका दृष्टींत मावतो. पुष्य नक्षत्रांतील अंधुक डाग फुटून तारे वेगळे होतात. मृगाच्या बाणाखालीं तेजोमेघाचा धुकट पुंजका दिसतो. गॅलिलिओनें १६१० च्या जानेवारींत गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारें वीस पटींच्या दुर्बिणीनें, पण तिचा पट्टा चंद्राचें सबंध बिंबही एका वेळीं मावणार नाहीं इतका अरुंद होता. आज गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकून आठ-दहा पटींच्या साध्या दुर्बिणींतून तेच चंद्र गुरूच्या दोन्ही बाजूंस ठिपक्यांसारखे दिसतात, आणि रात्रींमागून रात्रीं जागा बदलतांना दिसतात. शनीचीं कडीं मात्र दिसणार नाहींत. त्यांना निदान पंचवीस-तीस पटी लागतात. पालकांनीं हें मुलांस अगोदरच सांगावें, म्हणजे पहिल्या रात्रीं हिरमोड होणार नाहीं.

तर मग दोन्ही छंदांना मिळून एकच घ्यावयाची झाल्यास आम्ही ८×४० किंवा ८×४२ घ्यावी असें म्हणूं. आकाशाचाच नाद अधिक असेल, हात बळकट असेल, आणि किलोभर ओझें मानेस चालत असेल तर १०×५० घ्यावी. ७×५० चा सात मिलिमीटरांचा झोत खेड्यांतील काळ्याभोर आकाशाखालीं व तरुण डोळ्यांना उत्तम. शहरांत तिच्यांतून ताऱ्यांबरोबर दिव्यांनीं उजळलेलें करडें आकाशही तितक्याच उदारपणें डोळ्यांत शिरतें.

कोणी म्हणतील, मग तिवईवरची एका डोळ्याची दुर्बीणच कां घेऊं नये ? चांगली असेल तर जरूर घ्यावी, पण त्या किंमतींत ती चांगली सहसा मिळत नाहीं. तिची तिवई वाऱ्यानें डुलते, चित्र उलटें किंवा उजव्याचें डावें दिसतें, आणि पक्ष्यांच्या कामीं ती येत नाहीं. आधीं दोन डोळ्यांची दुर्बीण घेऊन आकाश ओळखीचें करावें. आणि सगळे पैसे दुर्बिणींतच घालूं नयेत. एक ताऱ्यांचा नकाशा आणि एक पक्ष्यांचें पुस्तक यांपुरते बाजूस काढावे. डॉ. सालिम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ सालीं प्रथम निघालें, तें वाचून पक्षी ओळखावयास शिकलेल्यांची संख्या मोठी आहे.

दुर्बिणींचे घाट दोन. एक सरळ नळ्यांचा. दुसरा नागमोडी, ज्यांत पुढचीं भिंगें मागच्यांपेक्षां दूर दूर असतात. नागमोडी घाटांतील लोलकांची रचना इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनीं १८५४ सालीं नोंदविली, आणि जर्मनींतील त्साइस कारखान्यानें १८९४ पासून तशा दुर्बिणी बाजारांत आणल्या. सरळ घाट दिसावयास सुबक, पण त्याचे लोलक फार अचूक घासावे लागतात. म्हणून थोड्या पैशांत जुन्या चालीची नागमोडी दुर्बीणच बहुधा सरस ठरते. मुलें नाक मुरडतील, मुरडूं द्यावें.

मुलासाठीं दुर्बीण घेतांना मुलास बरोबर नेलेंच पाहिजे. लहान मुलांच्या डोळ्यांतील अंतर कमी असतें, आणि पुष्कळ दुर्बिणींच्या नळ्या तितक्या जवळ येत नाहींत; मग मूल एकाच डोळ्यानें पाहत राहतें आणि कोणास सांगतही नाहीं. चष्मा असल्यास तो लावूनच, रबरी कडा दुमडून, सबंध वर्तुळ दिसतें कीं नाहीं तें पाहावें. मग दुकानाबाहेर येऊन दूरच्या इमारतीची कड पाहावी. डावा डोळा मधल्या चाकानें व उजवा त्याच्या वेगळ्या कड्यानें जुळवून घ्यावा. दोन्ही डोळे उघडे असतां कड दुहेरी दिसली किंवा कपाळावर ताण आला, तर दोन नळ्या एका रेषेंत नाहींत असें समजून ती दुर्बीण तेथेंच परत करावी. शेवटीं ती हातभर दूर धरून डोळ्याकडच्या भिंगांतील प्रकाशाचा ठिपका पाहावा. तो गोल असावा, चौकोनी कापलेला नसावा.

एक गोष्ट घरांतील प्रत्येकास माहीत असली पाहिजे. दुर्बीण सूर्याकडे कधींही, क्षणभरही रोखूं नये. भिंगांतून एकवटलेलें ऊन डोळ्याचा पडदा जाळतें, आणि त्या वेळीं वेदनाही होत नाहीं. २ ऑगस्ट २०२७ चें सूर्यग्रहण आपल्याकडे खंडग्रास आहे; त्या दिवशीं ग्रहणाचा चष्मा लावून वरून दुर्बीण धरणें हेंही तितकेंच घातक. खास सूर्यासाठीं केलेलीं गाळणीं दोन्ही पुढच्या भिंगांवर घट्ट बसविलेलीं असल्याशिवाय दुर्बीण पेटींतच असूं द्यावी.

आणि त्या पेटीविषयीं थोडें. कोंकणांत व घाटमाथ्यावर पावसाळ्यांत भिंगांच्या आंत बुरशी धरते, आणि तिच्या जाळ्याची खूण कांचेवर कायमची राहूं शकते. कातडी पेटींत, कपड्यांच्या ट्रंकेंत दुर्बीण चार महिने कोंडून ठेवणें म्हणजे बुरशीस आमंत्रण देणें होय. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी, पुड्या वरचेवर बदलाव्या, आणि ऊन पडेल त्या दिवशीं ती बाहेर काढून वापरावी. भिंगावरची धूळ आधीं फुंकणीनें उडवावी, मगच मऊ स्वच्छ कापडानें हलकेंच पुसावें. सदऱ्याच्या टोकानें घासण्यापेक्षां थोडी धूळ तशीच राहिलेली बरी.