सर्वेक्षणशास्त्राची नियतकालिके कोणासाठी?

खरिपाचे पीक काढणीस आले की बदनापूरच्या शिवारात दरवर्षी एक लहानसा विधी होतो. सरकारी खात्याचा माणूस यदृच्छेने निवडलेल्या शेतात येतो, दोरी ताणून एक चौकोन आखतो आणि त्यातील पीक कापून, मळून, तोलून आकडा टिपून घेतो. अशा मोजक्या चौकोनांवरून साऱ्या महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरते. ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली उतरले, तर विम्याची भरपाई मिळते, न उतरले तर मिळत नाही. मागे एका हंगामात सोयाबीनच्या अशा एका चौकोनाशी मी उभा होतो. शेताच्या मालकाने मला विचारले, "सर, हे दोरीवरचं झाड आत धरायचं का बाहेर?" मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक, पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना नमुना-पद्धती शिकवीत आलेलो. मला उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न अडाण्याचा नव्हे. ह्याच प्रश्नावर ह्या देशातील दोन थोर संख्याशास्त्रज्ञांचा वाद झडला आहे. एका बाजूस प्रशांतचंद्र महालनोबिस, दुसऱ्या बाजूस सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. महालनोबिसांचा कल लहान तुकडे पुष्कळ घेण्याकडे होता. सुखात्म्यांनी १९४६ साली 'नेचर' ह्या विलायती साप्ताहिकात असे दाखविले की, तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची सीमा मोठी. सीमेवरची झाडे आत ओढून घेण्याकडे कापणाऱ्याच्या हाताची ओढ असते, आणि म्हणून लहान तुकड्यावरून काढलेले उत्पन्न खऱ्याहून अधिक भरते. पुढे मोठ्या तुकड्याचाच मार्ग देशभर रूढ झाला. म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या शंकेचा विचार ऐंशी वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. परंतु तो ना त्याच्यापर्यंत पोचला, ना दोरी धरणाऱ्यापर्यंत. आणि माझी लाज झाकण्यापुरताही तो माझ्यापर्यंत पोचला नव्हता.

असे का व्हावे? नियतकालिकांची वाण होती म्हणावे, तर तसेही नाही. १९३३ साली महालनोबिसांनी 'संख्या' काढले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कृषिसंख्याशास्त्राची भारतीय संस्था स्थापन झाली व तिची पत्रिका निघू लागली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे 'अर्थविज्ञान' १९५९ पासूनचे. नावे पाहावी तर संस्कृत, पान उलटावे तर इंग्रजी! १९८१ च्या सुमारास भूक मोजावी कशी ह्यावर सुखात्मे आणि वि. म. दांडेकर ह्यांच्यात मोठा वाद झाला. वाद करणारे दोघेही मराठी, वाद छापणारे साप्ताहिक मुंबईचे, आणि ज्यांच्या भुकेचा वाद त्यांना त्यातले अक्षर कळू नये, ही गोष्ट कोणास खटकलीही नाही.

माझा रोष इंग्रजीवर नाही. माझे स्वतःचे शिक्षण त्याच भाषेत झाले. आणि सुखात्मे मराठीतच लिहिते तर त्यांचे म्हणणे जगाने ऐकले नसते, हेही मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की, ज्ञान येथून गेले ते परत आले नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे तुरीचे वाण पाहा. 'बीडीएन ७११' विषयीचे निबंध इंग्रजीतच छापले गेले असतील, पण त्या ज्ञानाचे बी होऊन ते शेतकऱ्याच्या पाभरीत परत आले. मोजणीच्या शास्त्राचे असे बी आम्ही कधी केलेच नाही.

उलट आम्ही काय केले ते सांगावयास हवे. २०१० नंतर प्राध्यापकाची बढती छापील निबंधांच्या गुणांवर अवलंबून राहू लागली, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक तणासारखे माजले. अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, ती बदलली, आणि २०२५ मध्ये तिचा नादही सोडला. व्यापार मात्र राहिला. माझाही एक निबंध असाच शुल्क भरून प्रसिद्ध झाला आहे. परीक्षकांची पसंती तीन दिवसांत आली. त्यातील शंभर प्रश्नावल्यांपैकी किती घरोघर जाऊन भरल्या गेल्या आणि किती एका झाडाखाली बसून, हे मी तपासले नाही, आणि मला ते कोणी विचारलेही नाही. जे नियतकालिक हा एक प्रश्न विचारीत नाही, ते शास्त्राचे नव्हे. ते पावतीपुस्तक होय.

आता आक्षेप. कोणी म्हणतील, जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेने सरकारी संस्थांना सुमारे तेरा हजार परदेशी नियतकालिके खुली झाली, आणखी काय हवे? दार उघडले हे खरे, पण आतल्या कपाटाची किल्ली भाषेची आहे. दुसरे म्हणतील, मराठीत परिभाषा नाही. शासनाचा संख्याशास्त्राचा परिभाषा-कोश आहे. आणि ज्या गावात आणेवारीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली, त्याला मोजमापाचे शब्द शिकवायला जाणे हा उद्धटपणा आहे. खरी अडचण उलटी आहे. इंग्रजी प्रश्नावलीतील शब्दासाठी गणक 'कुटुंब किती?' असे विचारतो, तेव्हा तीन भावांचा बाप 'एक' म्हणतो, 'चुली किती?' असे विचारले, तर तोच 'तीन' म्हणतो. हा फरक कोणत्याही सूत्राने भरून निघत नाही. तो मराठीतच घडतो आणि मराठीतच दुरुस्त होईल.

म्हणून सर्वेक्षणाच्या पद्धतीला वाहिलेले एक मराठी त्रैमासिक निघाले पाहिजे. त्यात निष्कर्षांआधी रीत छापावी. प्रश्न जसा विचारला तसा शब्दशः द्यावा. कोण घरी भेटले नाही, कोणी उत्तर टाळले, कोठे आकडा अंदाजाने भरला, हे निःसंकोच सांगावे. लिहिणारे केवळ प्राध्यापक नसावेत. दोरी धरणारा आणि घरोघर फिरणारी आशाताई ह्यांचे अनुभव त्यात पहिल्या पानावर यावेत. त्याला बढतीचे गुण न मिळाले तरी चालतील. किंबहुना न मिळाले तरच ते टिकेल.

त्या शेतकऱ्याला द्यावयाचे उत्तर मला पुढे एका इंग्रजी पुस्तिकेत सापडले: बुंध्याचा अर्ध्याहून अधिक भाग दोरीच्या आत असेल, तरच झाड आत धरावे. एवढे एकच वाक्य! पण मी ते घेऊन गेलो, तोवर पीक कापून झाले होते आणि आकडाही वर गेला होता.