किराण्याच्या यादीत एक पुस्तक

पगार झाला की आम्ही दरमहा दोन पुस्तकं विकत घेतो. एक उर्दू, एक मराठी. ‘मास्तर, उर्दू शाळेत शिकवता, मग मराठी कशाला?’ असा सवाल मोहल्ल्यात होतो. मोहल्ल्याबाहेर ‘तुम्हाला मराठी वाचता येतं?’ म्हणून भुवया उंचावतात. दोघांना आमचं उत्तर एकच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. प्रेमचंदांनी लेखणी धरली ती उर्दूत. भाषेला मजहब चिकटवणाऱ्यांनी दोन्ही वाचलेलं नसतं.

१९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आपली माणसं लिहिताहेत. विकत घेणारे कुठं आहेत? ‘आमची दखल घेत नाहीत’ ही तक्रार रास्त आहे. पण शादीच्या मंडपावर लाखभर उडवून पुस्तक मात्र ‘वाचून परत देतो’ म्हणत मागून नेणाऱ्यांनी ती करू नये. कुरआनचा अवतरलेला पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे वाच. तो आपण शाळांच्या पाट्यांवर रंगवला. घरात पुस्तकांसाठी एक फळी ठोकली नाही.

बंधुभगिनींनो, तेल-साखरेखाली दरमहा एका पुस्तकाचं नाव लिहा. नुसत्या वाहवावर लेखक जगत नाही.