जुन्या ट्रकचे पाटे वाढवताना

उसाचा हंगाम तोंडावर आला की जुन्या ट्रकचे बसलेले पाटे उचलून घेण्याची धांदल सुरू होते. पाटा वाढवला की गाडी उंच होते, तिची ताकद मात्र वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात. शिवाय उंच गाडीवर रचलेला ऊस वळणावर लवकर कलंडतो!

पाटे नुसते थकले असतील तर कमान पुन्हा भरून घ्यावी. पण थंडच ठोकून दिलेली कमान ओझ्याखाली लवकर बसते. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये. फाळासारखेच पाट्यालाही पाणी पाजलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते उतरते व पाटा तेथेच पुन्हा तुटतो. पुढच्या ॲक्सलवर ठोकळा ठेवून उंची घेणे हा तर जिवाशी खेळ. ब्रेक लावताच ठोकळा सरकू शकतो.

दोन्ही बाजूंना सारखेच पाटे घालावेत. यू-बोल्ट नवेच घ्यावेत, एकदा ताणलेला बोल्ट पकड धरत नाही. ब्रेकचा रबरी पाइप ताणत नाही ना, हे पाहावे. पहिल्या खेपेनंतर नट पुन्हा आवळावेत.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील परस्पर बदलांना आडवे येते, तेव्हा उंची वाढवण्याआधी आरटीओत विचारावे.