वर्तुळातला सी आणि दुल्हनची ओढणी

फोटोखाली तो काढणाऱ्याचं नाव असावं, याला माझी हरकत नाही. उलट ते असायलाच हवं. माझं भांडण आहे ते त्या नावाआधी उमटणाऱ्या वर्तुळातल्या सी अक्षराशी, म्हणजे कॉपीराइटच्या खुणेशी. आणि फोटो कुणाचा, कशासाठी काढलेला, हे न बघता ती खूण हजार फोटोंवर एका दमात मारणाऱ्या सोयीशी.

ही सोय आता सगळ्यांच्या हाताशी आहे. लाइटरूममधून फोटो बाहेर काढताना वॉटरमार्कच्या चौकोनात एकदा टिचकी मारली की पुढचा प्रत्येक फोटो खूण घेऊनच बाहेर पडतो. इरफानव्ह्यू घरच्या वापराला फुकट आहे, त्यात अख्खा फोल्डर एकदम टाकता येतो. इमेजमॅजिक जाणणारी पोरं एका ओळीच्या आज्ञेत खूण आणि पांढरी किनार दोन्ही लावून मोकळी होतात. काही मोबाइल तर आपण होऊन फोटोखाली पट्टी जोडतात आणि तिच्यात कंपनीचं नाव छापतात. फोटो काढला आमच्या आठवीतल्या मुलीने, नाव फोनवाल्याचं! ईदला व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या शुभेच्छांच्या किनारींबद्दल न बोललेलंच बरं. चंद्र नखाएवढा आणि साहेब हातभर.

आता मुद्द्याचं. अंधेरी-जोगेश्वरीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत लग्नाचे फोटो काढणारे शेकडो जण आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचा पक्का समज आहे की फोटो मी काढला म्हणजे कॉपीराइट माझा. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि त्याचं कलम १७(बी) वेगळंच सांगतं. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे ज्याने काम सांगितलं आणि पैसे मोजले तो. तुमच्या-माझ्या घरच्या निकाहात असा करार कुणी केलाय? ‘अमुक अ‍ॅडव्हान्स, तमुक अल्बमच्या वेळी’ एवढ्या ओळींची एक पावती असते. त्या पावतीच्या जोरावर फोटोवर उमटलेला सी सरळसरळ खोटा असतो.

हाच फोटोग्राफर रविवारी पहाटे उठून भांडुप पंपिंगला फ्लेमिंगो टिपायला गेला, किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मासळी उतरताना स्वतःच्या हौसेने उभा राहिला, तर तिथे मालक तोच. तिथे त्याने खुशाल सी लावावा. पण यंत्राला फ्लेमिंगो आणि दुल्हन यांतला फरक कळत नाही, आणि ज्याला कळतो त्या माणसाने बघणं सोडून दिलंय.

माझ्या भाचीचा निकाह झाला. बायकांच्या बाजूला फोटो काढायला मुद्दाम मुलगीच बोलावली होती. आठ दिवसांत भाचीचे तीन फोटो स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर. ओढणीवरून, गालावरून तिरका जाणारा सी आणि स्टुडिओचं नाव. बहिणीने फोन केला तर पलीकडचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, ‘‘खाला, हम नहीं लगाते, सिस्टीम लगाती है.’’ फोटो उतरवले त्याने, तेही तिसऱ्या फोननंतर. खुणेशिवायच्या प्रती मागितल्या तर त्याचे पैसे वेगळे! ज्या फोटोंची मालकी कायद्याने आमच्या घराची, ते स्वच्छ मिळावेत म्हणून आम्हीच पुन्हा पैसे मोजायचे. स्टुडिओचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण हा एका दुकानाचा दोष नाही. ‘सिस्टीम लगाती है’ हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येतं आणि ते उच्चारलं की कुणी जबाबदारच उरत नाही. सिस्टीमला सांगितलं कुणी?

यावर लगेच म्हटलं जातं की चोरी होते, म्हणून खूण लावावी लागते. पण भारतात कॉपीराइट मिळायला खुणेची गरज नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. फोटो काढला त्या क्षणी हक्क जन्माला येतो. अमेरिकेत पूर्वी खूण लावणं गरजेचं होतं, तिथेही १ मार्च १९८९ पासून ती अट गेली. राहिली चोरीची गोष्ट. २०१७ साली गूगलच्याच संशोधकांनी दाखवून दिलं की एकच खूण शेकडो फोटोंवर सारखी मारली असेल, तर ते सगळे फोटो शेजारी ठेवून संगणक ती खूण ओळखतो आणि आपोआप पुसतो. म्हणजे कुलूप सगळ्या दारांना एकच आणि ते उघडायला मदत दारंच करतात. जी खूण यंत्राने लावली ती यंत्रच काढतं. आज तर मोबाइलवरची साधी अ‍ॅप्सही हे काम करतात.

मग ती खूण नेमकं करते काय? जाहिरात करते. आमच्या मुलींच्या चेहऱ्यावर, आमच्या खर्चाने.

आणि ज्या गोष्टीसाठी फोटोग्राफरने खरंच भांडावं, ती मात्र तो सोडून देतो. त्याच कायद्याचं कलम ५७ म्हणतं की कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी ‘हे काम माझं’ असं म्हणण्याचा कर्त्याचा हक्क जात नाही. हे मोठं कलम आहे. आपलं नाव ही मालकीपेक्षा वेगळी आणि टिकाऊ चीज आहे, असंच ते सांगतं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस गुंफतो. अभंगाच्या शेवटच्या चरणात नामा म्हणे, तुका म्हणे येतं. आपल्या श्रीगोंद्याचे शेख महंमदही आपली नाममुद्रा घालतात. पण शायर ते नाव प्रत्येक गझलेत नव्याने बसवतो, वजन सांभाळून. जुन्या स्टुडिओवाल्यांनाही ही अक्कल होती. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि स्टुडिओचं नाव खालच्या पुठ्ठ्यावर दाबून उठवायचे. चेहऱ्याला हात लावत नसत. किनार असते ती त्यासाठी.

कलम १७(बी) वरही मी पूर्ण खूश नाही, हे सांगून टाकते. पैसे देणारा मालक म्हटल्यावर मालक झाले मुलीचे अब्बा, नाहीतर सासरे. जिचा चेहरा आहे ती या वाक्यात कुठेच नाही. चेहऱ्याचं काय होतं ते कुतुबुद्दीन अन्सारींना विचारा. २००२ मध्ये अहमदाबादेत हात जोडून उभा असलेला, डोळ्यांत पाणी असलेला तो शिंपी. फोटो रॉयटर्सच्या अर्को दत्तांनी काढला, जगभर गेला. अन्सारी जीव मुठीत घेऊन आपल्या मालेगावला बहिणीकडे आले, तर तिथेही छापलेल्या फोटोने त्यांना गाठलं आणि हातातलं काम गेलं. २०१६ मध्ये आसामच्या निवडणुकीत काँग्रेसच्या जाहिरातीत तोच चेहरा वापरला गेला, तेव्हा त्यांना पुन्हा जाहीरपणे सांगावं लागलं की मला सोडा. तो फोटो काढला जाणं गरजेचं होतं असंच मी मानते. पण त्याच्या कोपऱ्यात कितीही सी लावले, तरी त्यातला एकही अन्सारींच्या बाजूने बोलत नव्हता.

आपल्या हातात सध्या एक पावती आहे, तिच्यापासून सुरुवात करू. फोटोग्राफर ठरवताना पावतीच्या मागे लिहून घ्या, उर्दूत लिहा नाहीतर मराठीत: कॉपीराइट घराचा राहील; फोटोवर खूण नको, खाली किनारीत काढणाऱ्याचं नाव चालेल; दुल्हनला विचारल्याशिवाय एकही फोटो बाहेर टाकायचा नाही. आणि फोटोग्राफर बंधू-भगिनींनो, कॅमेऱ्याच्या मेनूतच नाव भरायची सोय असते, ती वापरा. ते नाव फाइलच्या पोटात राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो गेला की ते गळून पडतं हे खरं, म्हणूनच किनारीतलं नाव आम्ही राखू. ते कापून फोटो पुढे पाठवणाऱ्या नातेवाइकांनीही ऐकून ठेवावं: हक्काची माहिती जाणूनबुजून पुसणाऱ्याला कलम ६५बी मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. खोटी खूण लावणाऱ्याबद्दल मात्र त्या कलमात एक शब्द नाही.

‘‘मग आमचं काम लोकांना दिसणार कसं?’’ असं एका तरुण फोटोग्राफर मुलीने मला विचारलं. विचारून बघ, म्हटलं. तिने पुढच्या दोन घरांत विचारलं. एका घराने नाही म्हटलं. दुसऱ्या घरातल्या दुल्हनने स्वतः बसून पाच फोटो निवडून दिले, मेंदीचे आणि हातांचे, आणि खाली हिचं नाव लिहायला सांगितलं.